बहात्तरचा दुष्काळ, पिढ्यांची स्मृती आणि वसंतराव नाईक : गतकालीन नेतृत्वाविषयीचे लोकमत कसे घडते?

सारांश

गतकालीन राजकीय नेत्याविषयीचे लोकमत त्याच्या कार्याच्या मूल्यमापनातून तयार होते, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. प्रस्तुत निबंधात या गृहीतकाची तपासणी महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या संदर्भात केली आहे. १९७२ चा दुष्काळ प्रत्यक्ष भोगलेली पिढी, शेतमालाच्या भावाच्या आंदोलनांत वाढलेली पिढी आणि १९९० नंतर जन्मलेली पिढी यांच्या स्मृतीत नाईकांची वेगवेगळी चित्रे आढळतात. पिढी अनुभव जपून ठेवते. परंतु त्या अनुभवाला नेत्याचे नाव बहुधा पुढची पिढी जोडते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : पिढीची स्मृती, सामूहिक स्मृती, लोकमत, १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमी योजना, वसंतराव नाईक.

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात काळ मोजण्याची एक स्वतंत्र रीत होती. एखाद्याचे वय विचारले असता 'दुष्काळात रांगत होता' किंवा 'दुष्काळानंतर दोन वर्षांनी झाला' असे उत्तर मिळे. येथे दुष्काळ म्हणजे बहात्तरचा दुष्काळ, हे वेगळे सांगावे लागत नसे. ज्या घटनेपासून सामान्य माणूस आपल्या आयुष्याची कालगणना करतो, त्या घटनेच्या वेळी राज्याचे नेतृत्व करणाऱ्या व्यक्तीविषयी त्याचे मत ठाम असेल, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. प्रस्तुत लेखकाचीही तशीच अपेक्षा होती.

लेखकाच्या आजीने बीड जिल्ह्यातील एका दुष्काळी कामावर खडी फोडली होती. सुकडीचा वास, लाल मिलोची भाकरी, उन्हात तापलेली हातोडी आणि हजेरी घेणारा मुकादम यांचे वर्णन ती अखेरपर्यंत बारकाईने करीत असे. आपले नाव कागदावर लिहिलेले तिने पहिल्यांदा पाहिले ते त्या कामाच्या हजेरीपटावर, हेही ती सांगे. मात्र त्या वेळी मुख्यमंत्री कोण होते, या प्रश्नावर ती क्षणभर थांबून 'सरकार होतं की' एवढेच म्हणत असे. याउलट, दुष्काळ न पाहिलेले लेखकाचे वडील 'वसंतराव नाईकांनी माणसं जगवली' असे निःशंकपणे सांगत. ज्यांनी भोगले त्यांना नाव आठवत नाही आणि ज्यांना नाव आठवते त्यांनी भोगलेले नाही, ही विसंगती या निबंधाचा प्रारंभबिंदू आहे. एका कुटुंबातील संवाद हा पुरावा ठरत नाही. परंतु तो प्रश्न निश्चितच निर्माण करतो.

संकल्पनात्मक चौकट

स्मृती ही केवळ व्यक्तीच्या मनात घडणारी क्रिया नसून तिला समाजाची चौकट असते, ही मांडणी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये केली. कुटुंब, धर्म, वर्ग यांसारख्या गटांच्या आधारानेच मनुष्य आठवतो आणि गट बदलला की आठवणीचा अर्थही बदलतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२८ मध्ये, कार्ल मॅनहाइम यांनी पिढीच्या प्रश्नावरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. एकाच वर्षी जन्मणे म्हणजे एका पिढीचे होणे नव्हे. तारुण्याच्या उंबरठ्यावर एकाच ऐतिहासिक अनुभवातून जाणे म्हणजे पिढी, हा त्यांचा विचार आजही उपयुक्त आहे. एकाच पिढीत अनुभवाचा अर्थ निरनिराळ्या रीतीने लावणारे उपगट असतात, हेही त्यांनी नमूद केले आहे.

या विचाराला अनुभवाधिष्ठित आधार हॉवर्ड शूमन आणि जॅकलिन स्कॉट यांच्या १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळाला. अमेरिकन नागरिकांना गेल्या अर्धशतकातील महत्त्वाच्या घटना विचारल्या असता, बहुतेकांनी आपल्या किशोरवयाच्या अखेरीस वा विशीच्या प्रारंभी घडलेल्या घटना सांगितल्या. म्हणजेच, घटनेचे महत्त्व तिच्या परिणामांइतकेच ती कोणत्या वयात भेटली यावर अवलंबून असते.

ही चौकट महाराष्ट्राला लावताना एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रस्तुत निबंध हा सर्वेक्षण नव्हे. उपलब्ध ऐतिहासिक तपशील, सार्वजनिक स्मरणाची साधने आणि कुटुंबात व वर्गात झालेले संवाद यांच्या आधारे केलेले हे विवेचन आहे. पिढ्यांविषयी येथे केलेली विधाने प्रवृत्तिदर्शक समजावीत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वसंतराव नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुली या गावी, बंजारा समाजात झाला. राज्यस्थापनेनंतर लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदांच्या रचनेवर या समितीचा ठसा आहे. मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर डिसेंबर १९६३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, त्या पदावर राहिले. संकरित ज्वारीचा प्रसार, राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांची १९६८ ते १९७२ या काळातील स्थापना, १९७० मधील सिडकोची स्थापना आणि १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना या त्यांच्या कारकिर्दीतील ठळक घटना होत.

मार्च १९७२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. १९७० पासून अपुऱ्या पावसाने खंगत चाललेल्या शेतीवर हा शेवटचा घाव होता. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली. १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख होती, हे ध्यानात घेतल्यास दर दहा माणसांमागे जवळजवळ एक माणूस पाझर तलाव, नाला बांध, रस्ते वा खडी फोडण्याच्या कामावर होता, असे दिसते. एवढ्या मोठ्या समुदायाला एकाच वेळी एकच अनुभव देणारी घटना महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात विरळाच आढळेल. मॅनहाइम यांच्या अर्थाने 'पिढी' येथे तयार झाली.

पहिली पिढी : अनुभव आहे, नाव नाही

दुष्काळाच्या वेळी जे सोळा ते पंचवीस वर्षांचे होते, ते आज सत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्या कथनात राज्यसंस्था अमूर्त नसते. ती मुकादम, हजेरीपट, मोजणी करणारा कारकून आणि सुकडी वाटणारी व्यक्ती यांच्या रूपात येते. काम मिळाले याची कृतज्ञता आणि पगार वेळेवर न मिळाल्याची तक्रार ही दोन्ही एकाच वाक्यात सापडतात. या कथनात मुख्यमंत्र्यांचे नाव क्वचितच स्वतःहून येते.

याचे कारण अज्ञान मानणे अन्यायाचे होईल. त्या काळी खेड्यात वृत्तपत्र मोजक्या घरी, आकाशवाणी चावडीवर आणि दूरदर्शन तर मुंबईपुरतेच, तेही ऑक्टोबर १९७२ पासून. नेत्याचा चेहरा दररोज दिसत नव्हता. शासनाचा जो भाग हाताला लागला, तोच स्मृतीत राहिला.

याच पिढीतील शहरी उपगटाची आठवण मात्र निराळी आहे. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी महिलांची संयुक्त समिती स्थापन झाली आणि लाटणे मोर्चे निघाले. त्या मोर्चांतील स्त्रियांच्या दृष्टीने नाईकांचे सरकार म्हणजे रॉकेल, तेल आणि धान्याची टंचाई. गिरणगावातील डाव्या कामगाराच्या स्मृतीत ते आणखी वेगळ्या रूपात येतात. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेला सरकारचे अभय आहे, असा आरोप करून विरोधकांनी तिला 'वसंतसेना' म्हटले होते. जानेवारी १९७४ मधील वरळीची दंगल पाहिलेल्या दलित तरुणाला त्या सरकारचे पोलीस आठवतात. वय एकच, राज्य एकच, मुख्यमंत्रीही एकच. परंतु चावडी, चाळ आणि वस्ती यांनी तीन स्मृती घडवल्या. म्हणून 'त्या पिढीचे मत' असे एकवचनी विधान करताना सावधगिरी बाळगली पाहिजे.

दुसरी पिढी : तुलनेतून निर्माण झालेला आदर

साधारणतः १९६० ते १९८० या काळात जन्मलेल्यांनी दुष्काळ बालपणी पाहिला किंवा केवळ ऐकला. त्यांच्या तारुण्याला आकार दिला तो १९८० नंतरच्या शेतकरी आंदोलनांनी. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने कांदा, ऊस आणि पुढे कापसाच्या भावाचा प्रश्न ऐरणीवर आणला. उत्पादन वाढले, पण शेतकऱ्याच्या हाती काय पडले, हा प्रश्न या पिढीने विचारला आणि त्या प्रश्नाच्या प्रकाशात नाईकांच्या कृषिधोरणाकडेही टीकेच्या नजरेने पाहिले गेले.

तथापि, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चित्र पालटले. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव देशभर पोहोचले. २००२ पासून कापूस खरेदीतील एकाधिकार संपुष्टात आला. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. अशा वेळी, ज्या एकाधिकार योजनेवर याच पिढीने तरुणपणी टीका केली होती, तीच योजना निदान खात्रीचे गिऱ्हाईक होती म्हणून आठवू लागली. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी उभारलेल्या शेती स्वावलंबन मिशनला वसंतराव नाईकांचेच नाव दिले गेले. नाईकांच्या कार्याविषयी या काळात नवी माहिती उजेडात आली नव्हती. बदलला होता तो वर्तमान.

येथे स्मृतीच्या कार्यपद्धतीचा एक महत्त्वाचा नियम दिसतो. गतकालीन नेत्याविषयीचा आदर पुष्कळदा वर्तमानातील नेतृत्वाविषयीच्या नाराजीचे दुसरे नाव असतो. 'माणसं जगवली' हे वडिलांचे वाक्य १९७२ विषयी जितके होते, त्याहून अधिक ते २००६ विषयी होते. आजीच्या निनावी 'सरकार'ला त्यांनी नाव दिले, कारण तुलना करण्यासाठी नाव लागते.

तिसरी पिढी : नाव आहे, अनुभव नाही

१९९० नंतर जन्मलेल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात परिस्थिती नेमकी उलट आहे. नाईकांचे नाव त्यांना सर्वत्र भेटते. १ जुलै हा राज्यात कृषी दिन म्हणून साजरा होतो. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीचे १९८४ मध्ये स्थापन झालेले विकास महामंडळ त्यांच्या नावाने ओळखले जाते. जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१३ मध्ये, परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. फ्रेंच इतिहासकार पिएर नोरा यांनी ज्यांना स्मृतिस्थळे म्हटले, तीच ही. जिवंत स्मृतीचा ओघ आटू लागला की समाज स्मृतिस्थळे उभारतो, हे त्यांचे निरीक्षण येथे तंतोतंत लागू पडते.

बंजारा समाजातील तरुणांच्या बाबतीत हे नाव केवळ पाटीवर राहत नाही. तांड्यावर जन्मलेला माणूस राज्याच्या सर्वोच्च पदी अकरा वर्षे राहिला, ही त्यांच्यासाठी प्रतिष्ठेची आणि हक्काची बाब आहे. येथे स्मृतीचे वहन कुटुंब, तांडा आणि समाजाचे मेळावे करतात. म्हणून ती अधिक टिकाऊ आहे. मात्र या स्मृतीत मुख्यमंत्री नाईक हळूहळू समाजाचे नाईक होतात आणि इतर समाजांतील विद्यार्थी त्यांना 'त्यांचे' नेते मानू लागतात. महाराष्ट्रातील अनेक नेत्यांच्या वाट्याला आलेले हे संकोचन स्मृतीच्या टिकाऊपणाची किंमत म्हणावी लागेल.

या पिढीपर्यंत पोहोचलेली नाईकांची सर्वांत लोकप्रिय कथा म्हणजे १९६५ मधील शनिवारवाड्यावरील घोषणेची. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर आपण फाशी घेऊ, असे ते म्हणाल्याचे सर्वत्र सांगितले जाते. ही कथा सांगताना तिच्यानंतर सातच वर्षांनी परदेशातून आलेला मिलो महाराष्ट्राला खावा लागला, हे सहसा सांगितले जात नाही. त्याचप्रमाणे, विषमुक्त शेतीच्या आजच्या चर्चेत 'हायब्रीड'ला सरसकट दोष देणारे तरुण १९६० च्या दशकातील उपासमारीची भीती विचारात घेत नाहीत. गौरव आणि टीका दोन्ही घटनाक्रमापासून सुटलेल्या आहेत.

विस्मृतीच्या बाजूने

स्मृती जे सांगते त्यापेक्षा जे वगळते ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक शिकवते. ५० लाख लोकांच्या अनुभवातून जे सर्वांत टिकाऊ धोरण निघाले, त्या रोजगार हमीचा क्रम पाहावा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे तिचा प्रयोग झाला. नाईकांच्या कारकिर्दीत, १९७२ मध्ये, ती राज्यभर लागू झाली. तिच्यासाठी निधी उभारण्याच्या हेतूने १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा; तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून. या चौदा वर्षांत नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री झाले. पुढे २००५ मध्ये देशाने केलेल्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

एवढ्या दीर्घ प्रक्रियेला लोकस्मृतीत जागा नाही. स्मृतीला एक घटना आणि एक नायक लागतो. समित्या, प्रयोग, करप्रस्ताव आणि सर्वपक्षीय संमती तिला पेलत नाही. परिणामी पागे जवळजवळ विस्मरणात गेले. आपल्यापैकी प्रत्येक प्राध्यापकाच्या वेतनातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो. त्या कपातीचे मूळ बहात्तरच्या दुष्काळात आणि खडी फोडणाऱ्या हातांत आहे, याची आठवण वेतनपत्रक पाहताना किती जणांना होत असेल? शिक्षित वर्गाची स्मृती निरक्षर आजीच्या स्मृतीहून अधिक विश्वासार्ह असते, असे मानण्याचे कारण नाही.

आणखी एक उदाहरण नोंदविण्यासारखे आहे. २०१३ मध्ये मराठवाड्यात तीव्र टंचाई आली तेव्हा आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले तेव्हा, वृद्धांनी बहात्तरचीच तुलना काढली. तेव्हा धान्य नव्हते पण विहिरीत पाणी होते. आता धान्य आहे पण पाणी नाही, असे ते सांगत होते. या वाक्यात कोणत्याही नेत्याचे नाव नाही. तरीही चाळीस वर्षांच्या जलधोरणावरील इतके नेमके भाष्य क्वचितच सापडेल. पहिल्या पिढीच्या स्मृतीचे बळ येथे आहे : ती नेत्यांना गुण देत नाही, परिस्थितीची साक्ष देते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. गतकालीन नेत्याविषयीचे लोकमत हे त्याच्या कार्याचे प्रतिबिंब नसून, मत देणारी पिढी त्या कार्याला कोणत्या वयात, कोणत्या ठिकाणी आणि कोणाच्या माध्यमातून सामोरी गेली याचा परिणाम असतो.

२. वसंतराव नाईकांच्या बाबतीत प्रत्यक्ष अनुभव घेतलेल्या ग्रामीण पिढीने घटना जपली, दुसऱ्या पिढीने तिला नेत्याचे नाव जोडले आणि तिसऱ्या पिढीकडे नाव उरले पण घटना निसटली.

३. एखाद्या नेत्याविषयीच्या आदरात झालेली वाढ ही नव्या पुराव्यामुळे आहे की वर्तमानाविषयीच्या असमाधानामुळे, हे तपासल्याशिवाय तिला इतिहासाचा निर्वाळा समजू नये.

४. सामूहिक प्रक्रियेतून निर्माण झालेली धोरणे लोकस्मृतीत टिकत नाहीत. ती नोंदविण्याची जबाबदारी इतिहासलेखनाची आहे.

अखेरीस एक निकडीची बाब. दुष्काळाचा प्रशासकीय वृत्तान्त उपलब्ध आहे, व्ही. सुब्रमण्यम यांचा 'पार्च्ड अर्थ' हा ग्रंथ १९७५ मध्येच प्रसिद्ध झाला. परंतु खडी फोडणाऱ्यांचा वृत्तान्त त्यांच्याजवळच आहे आणि ती पिढी आता आपल्यातून जात आहे. प्रस्तुत लेखकाने आजीकडून सुकडी आणि मिलो यांच्याविषयी अनेकदा ऐकले. ती कोणत्या तलावावर कामाला होती, हे मात्र विचारायचे राहून गेले. आज गावाच्या शिवारात दोन पाझर तलाव आहेत. त्यांपैकी तिचा कोणता, हे आता सांगणारे घरात कोणी नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी आपापल्या परिसरातील दुष्काळी कामांची व त्यांवर राबलेल्या हयात व्यक्तींच्या कथनांची नोंद हाती घेतली, तर पुढील पिढीला नेत्यांविषयी मत बनविताना निदान साक्षीदारांचे म्हणणे उपलब्ध राहील. हे काम पुढील दहा वर्षांत झाले नाही, तर ते कधीच होणार नाही.